जालक विश्लेषकातील जोडणी-स्तर मुद्रण आज्ञावली

संगणक जालकातून वाहणारी माहितीची पाकिटे टिपून त्यांतील मजकूर वाचनीय ओळींत छापणाऱ्या कार्यक्रमास जालक विश्लेषक म्हणतात. पाकिटाचे सर्वांत बाहेरील आवरण वाचणारा त्यातील विभाग म्हणजे जोडणी-स्तर मुद्रण आज्ञावली होय. बाह्य वर्तन न बदलता आज्ञावलीची अंतर्गत मांडणी सुधारणे यास पुनर्रचना ही संज्ञा आहे. या विभागाच्या पुनर्रचनेचे बोधप्रद उदाहरण टीसीपीडम्प या कार्यक्रमात आढळते. व्हॅन जेकबसन, क्रेग लेरेस व स्टीव्हन मकॅन यांनी तो १९८८ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत तयार केला.

नाशिकहून निघालेले पत्र ज्या थैलीत पडते, तिच्यावरील चिठ्ठी पुढील टपाल वर्गीकरण कार्यालयापुरतीच असते. तेथे पत्र दुसऱ्या थैलीत जाते. लिफाफ्यावरील पत्ता मात्र कायम राहतो. जोडणी-स्तराचा शीर्षभाग या चिठ्ठीसारखा असून तो टप्प्याटप्प्यावर बदलतो. ईथरनेटमध्ये तो १४ बाइटांचा असतो : प्राप्तकर्त्याचा पत्ता ६, प्रेषकाचा ६ व आतील मजकुराचा प्रकार २. आभासी स्थानिक जालकाची खूण असल्यास ४ बाइट वाढतात. बिनतारी जालकात तर लांबी चौकटीगणिक बदलू शकते. वापरणाऱ्याने शीर्षभाग वगळून उरलेले बाइट षोडशमान पद्धतीने मागितल्यास नेमके किती बाइट वगळावयाचे, हे मुख्य कार्यक्रमास कळावे लागते.

जुन्या मांडणीत प्रत्येक माध्यमाचा उपकार्यक्रम ही लांबी परतमूल्य म्हणून देत असे. पद्धत सरळ दिसते. पण उपकार्यक्रमातून बाहेर पडण्याच्या वाटा अनेक असतात व प्रत्येक वाटेवर बरोबर आकडा द्यावा लागतो. शिवाय पाकीट पूर्ण टिपलेले असेलच असे नाही. प्रारंभीच्या काळात प्रत्येक पाकिटाचे सामान्यतः पहिले ६८ बाइटच टिपले जात. त्यामुळे वाचनापूर्वी तो बाइट हाती आहे की नाही, हे ठिकठिकाणी तपासावे लागे. एखादी तपासणी राहून गेली, तर कार्यक्रम स्मृतीच्या मर्यादेबाहेर वाचत असे. सप्टेंबर २०१७ मधील ४.९.२ या आवृत्तीत अशा अनेक उणिवा एकदम दुरुस्त कराव्या लागल्या. विश्लेषक बहुधा विशेषाधिकाराने चालविला जातो आणि पाकीट पाठविणारा शत्रूही असू शकतो. तेव्हा ही बाब किरकोळ मानता येत नाही.

सुधारित मांडणीत वाचन तपासणीयुक्त साधनांद्वारेच होते. अपेक्षित बाइट टिपलेला नसल्यास कितीही खोलवरून नियंत्रण थेट मुख्य कार्यक्रमाकडे उडी घेते. अशा उडीत परतमूल्य पोहोचत नाही. या व्यवस्थेशी जुळते रूप म्हणजे उपकार्यक्रमाने काहीच परत न देता लांबी एका सामाईक संरचनेत नोंदविणे. पूर्वी सार्वत्रिक चलांत विखुरलेले छपाईचे पर्यायही याच संरचनेत एकत्र आले आहेत.

येथे एक सूक्ष्म अडचण उद्भवते. एका माध्यमाच्या आवरणात दुसऱ्याचे आवरण असल्यास पूर्वी दोन्ही परतमूल्यांची बेरीज होत असे. नव्या पद्धतीत आतील उपकार्यक्रमाने आपला आकडा नुसता लिहिला, तर बाहेरचा पुसला जातो. म्हणून तो आधीच्या नोंदीत मिळवावा लागतो आणि प्रत्येक पाकिटाच्या आरंभी नोंद शून्य करावी लागते. अन्यथा मागील पाकिटाची लांबी पुढच्यास चिकटते. ही चूक सहज लक्षात येत नाही, कारण छापलेल्या ओळी बरोबर दिसतात व केवळ षोडशमान उतारा सरकतो.

सर्व उपकार्यक्रम एकाच वेळी बदलण्यापेक्षा काही काळ दोन्ही प्रकार शेजारी ठेवून माध्यमागणिक बदल करणे श्रेयस्कर. यात मुख्य कार्यक्रम थोडा बोजड होतो. परंतु दोष कोठे शिरला हे लगेच सापडते. प्रत्येक बदलानंतर जतन केलेली पाकिटे, त्यांत मुद्दाम विकृत केलेलीही, पुन्हा छापून पूर्वीच्या ओळींशी अक्षरशः ताडून पाहतात. एखाद्या रिकाम्या जागेचा फरकही दोष ठरतो, कारण या ओळी माणसांप्रमाणे इतर कार्यक्रमही वाचत असतात.