फिजिक्सवाल्यांनी कुठलं गणित घ्यावं?

‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’मधल्या सिमरनने जिथे धावती गाडी पकडली, ते आपटा स्टेशन. तिथून पनवेलला कॉलेजला जाणाऱ्या फिजिक्सवाल्यांपुढचा प्रश्न मात्र वेगळाच: सोबत वरच्या पातळीचं गणित घ्यायचं का? आणि घेतलं तर कुठलं?

सीनियर्सचा सल्ला ठरलेला, “कशाला डोक्याला ताप? लागेल तेवढं गणित फिजिक्सचे सरच शिकवतात.” हे अर्धंच खरं. १९२५मध्ये हायझेनबर्गने क्वांटमची नवी मांडणी केली, तेव्हा आपण मॅट्रिक्सचे गुणाकार करतोय, हे त्यालाच ठाऊक नव्हतं. ते ओळखलं मॅक्स बॉर्नने, कारण विद्यार्थी असताना तो मॅट्रिक्स शिकला होता. आपले जयंत नारळीकर तर केंब्रिजमध्ये आधी गणितच शिकले आणि मग विश्वरचनाशास्त्राकडे वळले.

मग निवडायचं काय? एकच पेपर घेता येणार असेल, तर लिनिअर अल्जिब्रा. क्वांटममधल्या आयगेनव्हॅल्यू तिथेच नीट कळतात. दुसरा जमला, तर कॉम्प्लेक्स अॅनालिसिस. नेटच्या फिजिक्सच्या अभ्यासक्रमात हे दोन्ही विषय आहेत. रिअल अॅनालिसिसमध्ये आकडेमोड कमी, सिद्धता जास्त. थिअरीत जायचं असेल, तर तोही विचारात घ्या.

मार्क जाण्याची भीती खोटी नाही. म्हणून फॉर्म भरण्याआधी लायब्ररीतून पुस्तक काढा आणि पहिल्या प्रकरणातली दहा उदाहरणं स्वतः सोडवून बघा. अडलात, तरी पुढचं उदाहरण करून बघावंसं वाटलं, तर बिनधास्त घ्या!