लिव्हर बिघडते ते केवळ दारूनेच नव्हे

लिव्हरचे दुखणे म्हटले की आपल्या वस्तीत पहिला संशय दारूवर जातो. ज्याने आयुष्यात थेंबही तोंडाला लावला नाही, अशा उपासकाच्या सोनोग्राफीत ‘लिव्हरवर चरबी’ निघाली, तर तो रिपोर्ट घरातसुद्धा लपवतो. बदनामीच्या भीतीने उपचार लांबतात. म्हणून आम्ही आज हा विषय घेतला आहे.

पोटावरची चरबी म्हणजे कोठीत पडून राहिलेले धान्य, असा आपला समज असतो. तो चुकीचा आहे. चरबीची पेशी रक्तावाटे सतत निरोप धाडत असते. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लेप्टिनचा शोध लावला. ‘साठा पुरेसा आहे’ हा निरोप लेप्टिन मेंदूला देते. ॲडिपोनेक्टिन हे दुसरे द्रव्य लिव्हरमधील चरबी आणि सूज आवरते.

पोट सुटले की हे निरोप बिघडतात. लेप्टिन वाढते, पण मेंदू दाद देत नाही. ॲडिपोनेक्टिन घटते. फुगलेल्या पेशी सूज वाढवणारी द्रव्ये सोडतात आणि इन्सुलिनला जुमानत नाहीत. त्यांच्यातली चरबी रक्तात उतरून लिव्हरमध्ये साचते. पुढे काहींच्या लिव्हरला सूज येते, मग ते आतून घट्ट होत जाते आणि शेवटी सिरॉसिस होतो. हे वर्षानुवर्षे चालते, बहुधा काहीही न दुखता.

‘आम्ही तर बारीक आहोत’ असे म्हणूनही चालणार नाही. दिसायला सडपातळ भारतीयाच्या अंगातही चरबी जास्त असू शकते, हे पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे. म्हणून शिलाईची टेप घ्या. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या, स्त्रीची ८० च्या पुढे असेल तर डॉक्टरांना दाखवा. एकूण वजनापैकी शेकडा ५ ते १० उतरले, म्हणजे ८० किलोच्या माणसाचे ४ ते ८ किलो, तरी लिव्हरवरची चरबी कमी होते. रोज भरभर चालावे, साखर व तळलेले कमी करावे. दारू तर नकोच.

कोसलराजा प्रसेनजित भरपेट जेवून धापा टाकत आला, तेव्हा भगवान बुद्धांनी त्याला मात्रा ओळखून जेवण्याचा उपदेश केला. राजाने तो उपदेश एका तरुणाला जेवणाच्या वेळी रोज म्हणायला लावला आणि हळूहळू आहार कमी केला. आपल्या घरात ही आठवण मुलांनी करून द्यावी. आजाऱ्याकडे मात्र कुणी बोट दाखवू नये. संध्याकाळी त्याच्यासोबत चालायला जावे.