खेळासाठी संगणक : खिसा पाहून निवड

श्रोतेहो, दिवाळीचा बोनस हाती आला की पिंपरी-चिंचवडच्या कामगार वस्तीत एके काळी सायकल येई, पुढे दूरदर्शन संच येऊ लागला. आता थेरगाव, काळेवाडी, वाकड या भागांतील घराघरांतून मुलगा म्हणतो, "बाबा, संगणक घ्या, आणि खेळ चालतील असाच घ्या." वडील पाळीवर जाणारे, आईने भिशीत थोडे साठवलेले. ही रक्कम चुकीच्या पेटीवर गेली, तर पुन्हा जमायला वर्ष लागते. गावाकडच्या घरांतही हीच गोष्ट. तेव्हा हा विषय जरा सावकाशीने समजून घेऊ.

"पण खेळासाठी एवढा खर्च कशाला?" असे आमचे शिक्षक बंधू विचारतील. प्रश्न रास्त आहे. मात्र खेळ चांगला चालवणारे यंत्र पदविकेच्या मुलाला यंत्रभागांचे आराखडे काढायला, चित्रफीत जुळवायला, प्रोग्रॅम लिहायलाही उपयोगी पडते. शिवाय खेळ तयार करणे हाही आज एक व्यवसाय आहे. २०२० साली जगभर विकला गेलेला 'राजी' हा खेळ पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स या संस्थेने केला. पैसे लावून खेळण्याचा प्रकार वेगळा. त्याला आळा घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. आपण बोलतो आहोत ते निखळ खेळाबद्दल.

आता खेळात संगणकाला काम काय पडते ते पाहा. नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर २० लाख ७३ हजार ६०० होतात. चित्र सुरळीत हलावे म्हणून ते सेकंदाला ६० वेळा नव्याने काढावे लागते. म्हणजे दर सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख ठिपके रंगवायचे! पत्र टाइप करताना हे ओझे नसते. हे रंगकाम करणारा भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड. खेळाचे नियम, हालचाल, हिशेब पाहणारा तो प्रोसेसर. ही बैलजोडी आहे. एक बैल दांडगा आणि दुसरा मरतुकडा असला, तर नांगर मरतुकड्याच्याच चालीने चालतो.

प्रोसेसर घेताना नुसत्या नावावर भुलू नये. "आय-सेव्हन आहे साहेब," असे सांगून जुने यंत्र गळ्यात मारतात. पण २०१२ चा कोअर आय-सेव्हन ३७७० आणि २०२२ चा कोअर आय-थ्री १२१०० यांत दोघांनाही गाभे चारच, आणि तरी नवा आय-थ्री जुन्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. म्हणून विचारावे, "पिढी कितवी?" १२१०० मधले पहिले १२ हे पिढी सांगतात, ३७७० मधले ३ ही तिसरी पिढी.

ग्राफिक्स कार्डाचीही अशीच गोम आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत '४ जी.बी.' लिहिलेले असते. जी.टी. ७३० हे कार्डही ४ जी.बी.चे मिळते आणि जी.टी.एक्स. १६५० हेही. परंतु पहिले २०१४ चे, दुसरे २०१९ चे. ताकदीत जमीन-अस्मानाचे अंतर. कोठार तेवढेच, पण दळणारे जाते निराळे. तेव्हा जी.बी. मागाहून पाहा, आधी कार्डाचे नाव पाहा.

ज्यांना कार्डाचा खर्च आज झेपत नाही, त्यांनी चित्र काढण्याची शक्ती आतच असलेला प्रोसेसर घ्यावा. २०२१ चा रायझन ५ ५६००जी हा त्यातला एक. साधे खेळ त्यावर चालतात, आणि पुढे पैसे आले की कार्ड बसवता येते. मात्र असा प्रोसेसर चित्रासाठी मुख्य रॅममधूनच जागा उसनी घेतो. म्हणून १६ जी.बी.ची एक पट्टी घेण्याऐवजी ८ जी.बी.च्या दोन घ्याव्यात. दोन वाटांनी माल लवकर येतो. एस.एस.डी. असावीच, पण तिने खेळ लवकर उघडतो, चित्र अधिक सुरळीत होत नाही, एवढे ध्यानात असू द्या. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव फार चढले, कारण मोठ्या विदागारांची मागणी वाढली. म्हणून मागचा भाव डोक्यात धरून बाजारात जाऊ नका.

जुना संगणक घ्यावा का? आमच्या शेजारी हिंजवडी आहे. अशा ठिकाणची कार्यालये काही वर्षांनी यंत्रे बदलतात आणि ती व्यापाऱ्यांमार्फत स्वस्तात विकली जातात. अभ्यासाला ती उत्तम. खेळासाठी घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. पेटी अरुंद असली तर उंच कार्ड आत बसत नाही, आणि तिच्या एस.एम.पी.एस.मधून कार्डासाठी वेगळी वायर बहुधा नसते. अशा पेटीत बुटके, आणि मदरबोर्डच्या खाचेतून मिळणाऱ्या ७५ वॅटवरच भागणारे कार्ड लागते. दुसरे, विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर सामान्यतः आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. त्याहून जुने यंत्र कितीही स्वस्त असले तरी विचार करूनच घ्यावे.

विजेकडे दुर्लक्ष नको. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणाऱ्या बेनामी एस.एम.पी.एस.वर आकडा मोठा असतो, पण तो बिघडला तर सोबत मदरबोर्डही नेऊ शकतो. '८० प्लस' अशी खूण असलेला घ्यावा. घरात अर्थिंग नीट आहे ना, ते वायरमनकडून पाहून घ्यावे. बिलाचा हिशेब सोपा आहे : यंत्राने २०० वॅट घेतले आणि मुलगा रोज ३ तास खेळला, तर महिन्याला १८ युनिट होतात.

खर्चाची वाटणी रुपयाच्या सोळा आण्यांत करावयाची, तर साधारण सहा आणे ग्राफिक्स कार्डाला, तीन आणे प्रोसेसरला आणि उरलेले सात बाकी सर्वांना. पडदा घरात नसेल तर त्याचे पैसे निराळे धरावेत. खरेदीपूर्वी मुलाकडून चार खेळांची यादी लिहून घ्यावी आणि त्या प्रत्येकाची मागणी पाहावी. काही स्पर्धेचे खेळ थोडक्यात भागतात, पण विंडोज ११ वर सुरक्षेची काही सोय असल्याशिवाय उघडतच नाहीत. दुकानात यादीतला एखादा खेळ अर्धा तास चालवून दाखवायला सांगावे. तापून यंत्र मंदावते का ते तिथेच कळते. प्रत्येक भागाचे नाव आणि क्रमांक लिहिलेले पक्के बिल घ्यावे, कारण वॉरंटी त्या क्रमांकावर मिळते.

पालकांनो, मुलाला बरोबर न्या. तीन दुकानांतले भाव त्यालाच वहीत लिहू द्या, बेरीज त्यालाच करू द्या. बोनसची रक्कम किती कष्टांची असते हे त्याला त्या बेरजेतून कळेल, आणि खेळाचे तासही मग घरात बसून, भांडण न होता ठरवता येतील.