नव्या घरातली पहिली दिवाळी

दत्तक किंवा प्रतिपालक घरात आलेल्या मुलाचा पहिला मोठा सणकाळ वसुबारसेला सुरू होतो आणि रथसप्तमीला संपतो. या तीनेक महिन्यांत दिवाळीची सुटी येते, काही घरांत नाताळ येतो, मग संक्रांत. घराला हे दिवस आनंदाचे असतात. मुलाला मात्र ते अवघड जाऊ शकतात, कारण नव्या घरात त्याच्या ओळखीचे जे थोडेफार झालेले असते तेच नेमके या दिवसांत बदलते. उठण्याची वेळ बदलते, जेवणाची वेळ बदलते, घरात अनोळखी माणसे येतात, शाळा बंद असते, रात्री फटाके वाजतात. म्हणून पहिल्या वर्षी सण लहान करावा आणि मुलाला झेपेल तेवढाच करावा, असे या क्षेत्रात काम करणारे समाजसेवक सांगतात. या सल्ल्यात तथ्य आहे. घरातल्या ज्येष्ठांना तो पटवून देणे हे मात्र पालकांचे खरे काम ठरते.

दत्तक आणि प्रतिपालकत्व या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत आणि सणाच्या दिवसांत त्यांतला फरक प्रकर्षाने जाणवतो. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम २०१५ नुसार दत्तक मूल जन्मदात्या पालकांपासून कायमचे वेगळे होते आणि दत्तक पालकांचे कायदेशीर अपत्य होते. त्याचे हक्क पोटच्या मुलासारखेच असतात. मालमत्तेचा हक्कही त्यात आला. प्रतिपालकत्व, म्हणजेच फॉस्टर केअर, ही मुलाला काही काळ कुटुंबात ठेवण्याची सोय आहे. बालकल्याण समिती मूल एखाद्या कुटुंबाकडे सोपवते. त्याचे शिक्षण, आरोग्य आणि आहार यांची जबाबदारी त्या कुटुंबाची असते आणि परिस्थिती सुधारली तर मूल आपल्या आईवडिलांकडे परत जाऊ शकते. २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी एकट्या व्यक्तीलाही प्रतिपालक होता येईल असे ठरवले आणि प्रतिपालकांना त्याच मुलाला दत्तक घेण्यासाठी लागणारा सहवासाचा काळ पाच वर्षांवरून दोन वर्षांवर आणला. दत्तकविधानांची संख्याही वाढते आहे. २०२४-२५ या वर्षात देशात ४,५१५ दत्तकविधाने झाली. त्यांतली ४,१५५ देशातल्या देशात झाली.

दत्तक मूल बहुधा अंतिम आदेशाच्या आधीच घरी येते. आदेश निघेपर्यंत ते दत्तकपूर्व संगोपनात असते. त्यामुळे कित्येक घरांत पहिली दिवाळी कागद पूर्ण होण्याआधीच येते. पालकांच्या मनात तेव्हा धाकधूक असते आणि ती लपवण्यासाठी सण अधिकच थाटात करण्याचा मोह होतो. मूल मोठ्यांचा ताण ओळखते. थाट कमी असला तरी त्याचे काही अडत नाही.

संस्थेत वाढलेल्या मुलाला दिवाळी नवी नसते, ही गोष्ट पाहुण्यांच्या लक्षात येत नाही. बालगृहांत आणि शिशुगृहांत दिवाळीच्या आसपास देणगीदारांची वर्दळ वाढते. कंपन्यांचे कर्मचारी, महिला मंडळे, महाविद्यालयांचे गट फराळाची पाकिटे आणि कपडे घेऊन येतात. मुले रांगेत बसतात, प्रार्थना म्हणतात, भेट घेतात, फोटो निघतो, पाहुणे जातात. पाच-सहा वर्षे हेच पाहिलेल्या मुलाच्या मनात दिवाळी, पाहुणे आणि भेटवस्तू यांची अशी सांगड बसलेली असते. मग नव्या घरात दारावरची घंटा वाजली की ते पुढे होऊन नमस्कार करते, गाणे म्हणून दाखवते, पहिल्याच भेटीत कुणाच्याही मांडीवर जाऊन बसते. नातेवाईक कौतुकाने म्हणतात, ‘किती पटकन रुळला!’ ते रुळणे नसते. अनोळखी माणसाला खूश ठेवायची ती जुनी सवय असते. काही मुले याच्या उलट वागतात. पिशव्या घेऊन आलेली माणसे पाहून ती लपतात, कारण त्यांच्या अनुभवात अशा माणसांच्या येण्याजाण्यानंतर एखादे मूल संस्थेतून कायमचे गेलेले असते. म्हणून पहिल्या दिवाळीत पाहुणे थोडे असावेत, एका वेळी एकच कुटुंब यावे आणि कोण येणार, कधी जाणार हे मुलाला आधी सांगून ठेवावे. भेटवस्तू पाहुण्यांनी थेट मुलाच्या हातात न देता आईवडिलांकडे दिली तर बरे. हवे ते कुणाकडून मिळते, हे मुलाला या छोट्या गोष्टीतून कळू लागते.

नरक चतुर्दशीच्या पहाटेचे अभ्यंगस्नान हा दिवाळीचा सगळ्यांत जवळिकीचा विधी. आई अंगाला तेल चोळते, उटणे लावते, कढत पाणी घालते. तान्ह्या मुलाला यातून ऊब मिळते. पण सात-आठ वर्षांच्या मुलाने पूर्वी मार किंवा अत्याचार सोसला असेल, तर अंधारात उठवून कुणी अंगाला हात लावणे त्याला भयंकर वाटू शकते. अशा मुलाला तेलाची वाटी हातात द्यावी आणि त्याने स्वतःच लावावे. केवळ तळहातांना किंवा डोक्याला लावू दिले तरी पुष्कळ झाले. कोकणातल्या घरांत पायाखाली कारीट फोडण्याची रीत आहे. ते कुणी स्पर्श न करता होते, त्यामुळे मुलाला बहुधा आवडते. फटाक्यांचेही तसेच. संस्थेत सगळ्यांनी मिळून लांबून पाहिलेले फटाके आणि चाळीच्या किंवा सोसायटीच्या आवारात कानाशी फुटणारे सुतळी बॉम्ब यांत फार अंतर आहे. मूल दचकत असेल तर लक्ष्मीपूजनाच्या रात्री खिडक्या लावून घरात बसण्यात काहीच कमीपणा नाही.

फराळाच्या बाबतीत आणखी सावध राहावे लागते. उपाशी राहिलेले किंवा मोजून मिळण्याची सवय असलेले मूल चकल्या, करंज्या उशीखाली, दप्तरात, कपाटात लपवते. कधी पोट दुखेपर्यंत खाते. ही चोरी नव्हे. उद्याही मिळेल यावर त्याचा अजून विश्वास बसलेला नाही, एवढाच याचा अर्थ. मुलाच्या नावाचा एक डबा त्याच्या हाताला येईल अशा फळीवर ठेवावा आणि तो रिकामा होऊ देऊ नये. हा उपाय साधा आहे, पण त्याला महिने लागतात, दिवाळीचे पाच दिवस पुरत नाहीत.

दिवाळीतल्या सगळ्या गोष्टींत किल्ला या मुलांना सर्वांत सोयीचा ठरतो. माती भिजवायची, दगड रचायचे, पोत्याचे कापड टाकायचे, अळीव पेरायचे, मग मावळे मांडायचे. हे काम शेजारी शेजारी बसून होते. समोरासमोर पाहावे लागत नाही, प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत नाहीत. बोललेच तर बुरुजाबद्दल बोलायचे. ज्या मुलाला अजून ‘बाबा’ म्हणता येत नाही त्यालाही ‘ते खापर इकडे द्या’ म्हणता येते. त्यात आजोबा येतात, शेजारचे पोर येते आणि ओळख हातांतून होते. अळीव उगवायला काही दिवस लागतात. रोज सकाळी उठून ते उगवले का पाहणे ही त्या मुलाची या घरातली पहिली स्वतःची जबाबदारी होऊ शकते. किल्ला बांधणारी घरे आता शहरांत कमी झाली आहेत. पण दत्तक किंवा प्रतिपालक घराने तरी ही प्रथा सोडू नये.

सुटीत आत्या, काका, मामा, चुलतभावंडे एकत्र येतात आणि इथेच अवघड प्रश्न निघतात. ‘कुणाचा आहे?’, ‘खऱ्या आईबद्दल काही कळलं का?’, ‘आता जमिनीत हिस्सा द्यावा लागेल ना?’ यांतले अनेक प्रश्न मुलाच्या देखत विचारले जातात. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कायद्याने स्पष्ट दिलेले आहे आणि ते दिवाळीच्या आधीच वडीलधाऱ्यांना सांगून ठेवावे. बाकीच्यांना घरातल्या सगळ्यांनी एकच छोटे उत्तर द्यावे: ‘तो आमचा आहे, बाकीची गोष्ट त्याची आहे.’ मुलाचा पूर्वेतिहास हा गप्पांचा विषय नव्हे. तो मुलाच्या मालकीचा आहे. दत्तक असल्याचे मुलाला लहानपणापासून घरातूनच कळायला हवे आणि पहिल्या सणाच्या आधी तर नक्कीच, कारण सुटीत एखादे चुलतभावंड भांडणात ते बोलून टाकतेच. आईबाबांच्या तोंडून गोष्टीसारखे ऐकलेले आणि गच्चीवर टोमण्यात ऐकलेले, यांचा मुलावर होणारा परिणाम सारखा नसतो.

भाऊबीज हा या कुटुंबांसाठी सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत नाजूक दिवस. दत्तक मुलगा पाटावर बसतो आणि पोटची मुलगी त्याला ओवाळते तेव्हा घर काहीही न बोलता बरेच काही ठरवून टाकते. महाराष्ट्रात रक्ताचे नाते नसलेल्यालाही ओवाळून भाऊ करण्याची रीत जुनी आहे, त्यामुळे या विधीला नवे काही शिकावे लागत नाही. पण काही मुलांची सख्खी भावंडे दुसरीकडे असतात. कुणी संस्थेत, कुणी दुसऱ्या घरी. भावंडांना प्रतिपालक घरात शक्यतो एकत्र ठेवावे, असे कायदाच सांगतो. तरी घराची क्षमता, वय, इतर कारणे यांमुळे ती वेगळी होतात. अशा मुलाला भाऊबीजेच्या दिवशी नव्या भावंडाबरोबर ओवाळणे हे विश्वासघातासारखे वाटू शकते. ते रागावते, ताट ढकलते, कुणाशी बोलत नाही. त्यावर रागावण्याऐवजी बालकल्याण समितीकडे किंवा संस्थेकडे आधीच भेटीची विनंती करावी. भेट शक्य नसेल तर त्या दूरच्या भावंडाच्या नावाने एक पणती लावावी, एखादी भेट बाजूला ठेवावी. नव्या घराला मुलाच्या जुन्या माणसांची अडचण वाटत नाही, हे त्याला यातून कळते.

प्रतिपालक घरात जन्मदाते आईवडीलही हयात आणि संपर्कात असू शकतात. ते मुलाला ठरावीक अंतराने भेटू शकतात, असे कायदा म्हणतो. भेट मुलाच्या हिताची नाही असे समितीला वाटले, तरच कारणे नोंदवून ती थांबवता येते. सणाच्या दिवसांत अशी भेट झाली की मूल दोन-तीन दिवस बिथरते. याचा दोष कुणाचा नसतो. भेट लक्ष्मीपूजनाच्या दिवशी न ठेवता आधी किंवा नंतर ठेवली तर दोन्ही बाजूंना सोपे जाते. महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. ते मुलाच्या पालनपोषणासाठी असतात, सणाच्या थाटासाठी नव्हेत.

फोटोंचा प्रश्न इथेच येतो. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करण्याला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ने मनाई आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकलेला प्रतिपालक मुलाचा फोटो पुढे कुठे जाईल, हे कुणाच्या हातात राहत नाही. फोटो जरूर काढावेत, छापून अल्बमात लावावेत आणि मूल आपल्या घरी परत गेले तर अल्बम त्याच्याबरोबर द्यावा. समाजमाध्यमांवर मात्र टाकू नयेत.

नाताळ वसईत, मुंबईत, गोव्यात आणि अनेक मराठी ख्रिस्ती घरांत साजरा होतो. ख्रिस्ती, मुस्लिम आणि पारशी कुटुंबांना दत्तकाचा मार्ग उशिरा खुला झाला. १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंपुरता होता. इतरांना १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली केवळ पालक होता येत असे. २००० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका ख्रिस्ती दाम्पत्याच्या बाजूने निकाल दिला, त्याच वर्षीच्या बाल न्याय कायद्याने धर्माची अट न घालता दत्तकाची वाट दिली आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. त्यामुळे नाताळच्या गोठ्याजवळ कायद्याने आपले म्हणून बसणारी मुले हे या घरांत तुलनेने अलीकडचे दृश्य आहे. प्रतिपालक घरात मुलाचा धर्म वेगळा असू शकतो. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या विसाव्या कलमानुसार मुलाच्या धर्माची, भाषेची आणि संस्कृतीची सलगता जपण्याकडे लक्ष द्यायचे असते. म्हणजे हिंदू घरात राहणाऱ्या ख्रिस्ती मुलासाठी खिडकीत तारा लागला पाहिजे, आणि मुस्लिम मुलाची ईद घरच्या कॅलेंडरात लिहिलेली असली पाहिजे. हा सौजन्याचा भाग नाही, मुलाचा हक्क आहे.

संक्रांतीला बोरन्हाण येते. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घालतात आणि डोक्यावरून बोरे, हरभरे, उसाचे करवे, चुरमुरे, हलवा ओततात. भोवती शेजारची मुले गोळा होऊन वेचतात. दोन-तीन वर्षांचे मूल दत्तक आले तर त्याचे पहिले बोरन्हाण तेव्हा करता येते आणि बहुतेक घरे ते हौसेने करतात. त्यामुळे गल्लीला आणि नातेवाइकांना मूल आता या घरचे आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. मुलाला मात्र एकटे पाटावर न बसवता आईच्या मांडीवर बसवावे. ओतायचे ते मुठीने, हळूहळू, आणि पहिली मूठ त्याला दाखवून. ते रडले तर तिथेच थांबावे. रथसप्तमीपर्यंत दिवस असतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा करता येते.

मोठ्या मुलांसाठी बोरन्हाण नसते. सात वर्षांची मुलगी धाकट्या भावाचे बोरन्हाण पाहताना आपले हे झाले होते का, असे विचारते. उत्तर बहुधा कुणाला माहीत नसते. ‘माहीत नाही, पण झाले असेल’ असे सांगून वेळ मारून नेण्यापेक्षा ‘आम्हाला माहीत नाही’ एवढेच सांगावे आणि त्या वर्षी करवे, बोरे ओतायचे काम तिच्याकडे द्यावे. मूळ कुटुंबाचा शोध घ्यायचा असेल तर अठरा वर्षांनंतर तिला स्वतः, आणि त्याआधी पालकांसोबत, तसा अर्ज करता येतो. दत्तक घरात मूल आल्यापासून दोन वर्षे संस्थेचे समाजसेवक दर सहा महिन्यांनी भेटीला येतात. पहिल्या वर्षातली एक भेट बहुधा या सणांच्या आसपास पडते आणि मूल कुठे बिथरले, कशात रमले, काय लपवले हे त्यांना सांगण्याची ती योग्य वेळ असते.