रक्तमूत्रता, मूत्राशयाचा कर्करोग आणि जनुकांची अभिव्यक्ती

हृदय, शिर आणि बस्ति ही त्रिमर्मे होत. त्यांपैकी बस्तीच्या विकारांत आपल्या चिकित्सालयांचा अनुभव मोठा आहे. अश्मरी, मूत्रकृच्छ्र व मूत्राघात हे आपले नित्याचे रुग्ण. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र ह्याच वेषात येणारा निराळा व्याधी आहे.

अंधेरी-बोरिवली असो वा घाटकोपर-मुलुंड, आपल्यापैकी प्रत्येकाने असा रुग्ण पाहिला असेल : वय साठीच्या आसपास, अनेक वर्षे विडी किंवा सिगारेट, क्वचित रंग-रसायनांच्या कारखान्यात गेलेली हयात. एके दिवशी मूत्र लाल होते. दाह नाही, वेदना नाही. तो प्रथम औषधाच्या दुकानातून लघवीच्या जळजळीची बाटली नेतो, नंतर आपल्याकडे येतो. चंद्रप्रभा, गोक्षुरादि गुग्गुळ, उशीरासव अशी योजना होते आणि आठवड्याभरात मूत्र स्वच्छ होते. रुग्ण संतुष्ट, वैद्यही संतुष्ट. परंतु मूत्राशयाच्या कर्करोगातील रक्तस्राव औषधाविनाही थांबतो आणि काही महिन्यांनी पुन्हा सुरू होतो. मधल्या काळात अर्बुद अस्तरातून स्नायूत उतरले, तर साध्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे प्रकरण मूत्राशय काढण्यापर्यंत जाते.

मूत्राच्या साध्या नमुन्यावरून हा भेद ओळखता येईल काय, ह्यासाठी जगभर जे प्रयत्न चालू आहेत त्यांत जनुकांच्या अभिव्यक्तीचा अभ्यास महत्त्वाचा आहे. अभिव्यक्ती म्हणजे काय, ते फार्मसीच्या उदाहरणाने समजेल. एका कंपनीच्या सर्व शाखांत योगसंग्रह एकच असतो. पण आज कोणत्या शाखेत कोणता योग सिद्ध होत आहे, हे निर्मिती विभागाकडे गेलेल्या चिठ्ठ्यांवरून कळते. शरीरातील बहुतेक सर्व पेशींत जनुकांचा संग्रह तोच असतो. चिठ्ठ्या म्हणजे संदेशवाहक आरएनए. कोणत्या जनुकाच्या किती चिठ्ठ्या निघाल्या, ह्याची मोजदाद म्हणजे अभिव्यक्तीची माहिती. कर्कपेशीत काही चिठ्ठ्या अतोनात वाढतात, काही बंद होतात.

मानवात प्रथिने घडविणारी सुमारे २०,००० जनुके आहेत. अर्बुदाचा व निरोगी अस्तराचा नमुना घेऊन त्या सर्वांची तुलना एकाच वेळी करता येते. येथेच मोठा सापळा आहे. शेकडा पाच चुकीची मुभा ठेवून २०,००० तुलना केल्या, तर प्रत्यक्षात काहीही भेद नसताना सुमारे १,००० जनुके केवळ योगायोगाने 'भिन्न' ठरतील. म्हणून गणिती दुरुस्ती करावी लागते आणि सापडलेला सूचक दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या रुग्णांत पुन्हा पडताळावा लागतो. असे अभ्यास आज पुष्कळ निघतात, कारण अमेरिकेतील 'जिओ' ह्या खुल्या संग्रहात इतरांनी जमविलेली माहिती कोणासही विनामूल्य मिळते. पडताळणीच्या चाळणीतून त्यांतील फार थोडे पार पडतात. 'नवा सूचक सापडला' अशी बातमी वाचताना किती रुग्णांत व कोठे पडताळला, एवढे दोन प्रश्न आपण अवश्य विचारावेत.

चाळणीतून पार पडलेले एक उदाहरण न्यूझीलंडमधील आहे. तेथील संशोधकांनी २००८ मध्ये मूत्रातील चार जनुकांच्या आरएनएची चाचणी मांडली : एमडीके, सीडीसी२, आयजीएफबीपी५ व होक्सए१३. अडचण अशी की मूत्रमार्गाच्या शोथातही अशा चाचण्या फसतात. तेव्हा सीएक्ससीआर२ हे पाचवे जनुक जोडले गेले. हे कर्करोगाचे नव्हे, शोथात जमणाऱ्या श्वेतपेशींचे लक्षण आहे. ते फार वाढलेले दिसले, तर इतर चार जनुकांच्या वाढीकडे सावधपणे पाहावयाचे. व्यवच्छेदक निदानाची ही दृष्टी आपल्या वाचकांना परकी वाटू नये.

डोळ्यांना दिसणारी रक्तमूत्रता असलेल्या ४८५ रुग्णांत तिची परीक्षा होऊन २०१२ मध्ये निष्कर्ष आले : विशिष्टता ८५ टक्के धरली असता संवेदनशीलता सुमारे ८२ टक्के. ह्याचा अर्थ व्यवहारात पाहू. समजा, अशा १,००० रुग्णांपैकी १०० जणांना कर्करोग आहे. चाचणी त्यांतील ८२ ओळखील आणि १८ जणांना 'काही नाही' म्हणून घरी पाठवील. उरलेल्या ९०० निरोगींपैकी १३५ जणांना विनाकारण धास्ती देईल. ते १८ रुग्ण आमच्या मते फार आहेत. म्हणून लाल मूत्र आलेल्या रुग्णास सिस्टोस्कोपीऐवजी अशी चाचणी देणे योग्य नव्हे.

निदानानंतर मात्र अभिव्यक्तीचा अभ्यास अधिक फलदायी ठरला आहे. स्नायूत शिरलेल्या ४१२ अर्बुदांचा अमेरिकी अहवाल २०१७ मध्ये आला. २०२० मध्ये १,७५० नमुन्यांच्या आधारे सहा आण्विक प्रकारांवर संशोधकांचे एकमत झाले. सूक्ष्मदर्शकाखाली सारखी दिसणारी अर्बुदे स्वभावाने भिन्न असतात, हे त्यातून स्पष्ट झाले.

येथे कोणास प्रकृतिविचार आठवेल. पुण्यात भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रकृती व एचएलए जनुकांचा संबंध मांडला, आणि दिल्लीच्या संशोधकांनी २००८ मध्ये निरोगी वात, पित्त व कफ प्रकृतींच्या व्यक्तींत अभिव्यक्तीचे भेद दाखविले. दोन्ही कामे मोलाची आहेत. पण त्यांवरून कर्करोगाचे निदान होत नाही. कोणी तशी चाचणी विकू लागल्यास औषधालयांनी ती ठेवू नये.

औषधालय-चालकांसाठी आणखी एक गोष्ट. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकात कृशतेच्या औषधात एका चिनी वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकिया फांगची मिसळली गेली आणि अनेकांचे वृक्क निकामी झाले. त्यांतील ३९ रुग्णांचे वृक्क व मूत्रवाहिन्या काढून तपासल्या असता १८ जणांत मूत्रमार्गाच्या अस्तराचा कर्करोग आढळला, असे २००० मध्ये प्रसिद्ध झाले. येथे चिठ्ठ्यांचा प्रश्न नव्हता. मूळ योगसंग्रहातील अक्षरेच बदलली होती. आपल्याकडील ईश्वरी अथवा सापसंद, म्हणजे ॲरिस्टोलोकिया इंडिका, ह्याच कुळातील आहे. कच्चा माल घेताना द्रव्याची ओळख कागदावर नव्हे, प्रयोगशाळेत पटवावी.

वेदनारहित रक्तमूत्रतेचा रुग्ण आला, तर मूत्रपरीक्षण, सोनोग्राफी आणि मूत्ररोगतज्ज्ञाकडे सिस्टोस्कोपीसाठी चिठ्ठी ही त्याच दिवशी व्हावी. सोनोग्राफी निर्दोष आली तरी लहान अर्बुद सुटू शकते. रुग्ण रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेत असला, तरी त्यांनाच कारण समजून थांबू नये. चिठ्ठीत तंबाखूची वर्षे, कारखान्यातील कामाचे स्वरूप आणि आपण दिलेली सर्व द्रव्ये नावानिशी लिहावीत. स्तंभनाची औषधे दिली असल्यास मूत्र कोणत्या तारखेस स्वच्छ झाले तेही नमूद करावे, म्हणजे 'आता रक्त नाही' ह्या कारणाने तपासणी पुढे ढकलली जाणार नाही.