वार्धक्यातील विषण्णता व शारीरिक कार्यक्षमता

वृद्ध मनुष्य खिन्न दिसू लागला व त्याचे हिंडणेफिरणे कमी झाले, की ‘आता वय झाले’ एवढ्या एका वाक्यात आपण दोहोंचाही उलगडा झाला असे मानतो. मनाची विषण्णता आणि शारीरिक कार्यक्षमतेचा ऱ्हास ही बहुधा एकत्र आढळतात, यात संशय नाही. प्रश्न आहे तो पौर्वापर्याचा. शरीर थकले म्हणून मन खचते, की मन खचले म्हणून शरीर थकते?

या प्रश्नाचे उत्तर देण्यातील पहिली अडचण मापनाची होय. स्नान, वस्त्रे नेसणे, शौचास जाणे, अंथरुणावरून उठणे, मलमूत्रावरील नियंत्रण आणि भोजन या सहा क्रियांवर आधारलेला निर्देशांक सिडनी कॅट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली प्रसिद्ध केला. मात्र अशी माहिती पुष्कळदा वृद्धाच्याच सांगण्यावरून घेतली जाते, आणि खिन्न मनुष्य स्वतःची क्षमता आहे त्याहून कमी सांगण्याचा संभव असतो. उलटपक्षी, विषण्णतेच्या प्रश्नावलीत झोप, भूक व थकवा यांविषयीचे प्रश्न असल्यास केवळ शारीरिक व्याधीने पीडलेला वृद्धही विषण्ण ठरू शकेल. येसावेज प्रभृतींनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या तीस प्रश्नांच्या वार्धक्य-विषण्णता-श्रेणीत शारीरिक लक्षणांना फाटा देण्यात आला, तो याच कारणास्तव.

या दृष्टीने पेनिंक्स, गुराल्निक व त्यांच्या सहकाऱ्यांचे १९९८ साली प्रसिद्ध झालेले संशोधन लक्षणीय आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यात ७१ वर्षे व त्यापुढील वयाच्या १,२८६ व्यक्तींची १९८८ मध्ये व पुन्हा चार वर्षांनी परीक्षा घेण्यात आली. येथे सांगोवांगीवर विसंबून न राहता उभे राहून तोल सांभाळणे, ठराविक अंतर चालणे आणि खुर्चीवरून पाच वेळा उठणे या क्रिया प्रत्यक्ष करवून घेतल्या. प्रारंभीची क्षमता, आरोग्य व सामाजिक स्थिती हिशेबात धरूनही विषण्ण व्यक्तींच्या बाबतीत ऱ्हासाचे शक्यता-गुणोत्तर १.५५ आले. विशेष म्हणजे, प्रारंभी ज्यांना कसलीही अक्षमता नव्हती अशांतही हा संबंध दिसून आला. सारांश, विषण्णता ही केवळ दुर्बलतेची छाया नव्हे. काही अंशी ती दुर्बलतेची पूर्वसूचनाही आहे.

हे कसे घडत असावे? खिन्न मनुष्य हालचाल टाळतो, त्यामुळे स्नायूंचे बळ घटते, आहार व औषधोपचार यांकडे दुर्लक्ष होते, लोकसंपर्क तुटतो. घटलेले बळ पुन्हा खिन्नतेस कारण होते व चक्र पुरे होते. मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा विकार हे चालीतील मंदपणा व विषण्णता या दोहोंचे समान मूळ असू शकेल, ही शक्यताही दृष्टीआड करता येत नाही.

आपल्या देशात मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीत ४५ वर्षे व त्यापुढील वयाच्या बहात्तर हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती मिळविली. मनःस्थितीबरोबर चाल व हाताच्या पकडीचे बळही मोजले. तथापि एकाच वेळच्या पाहणीवरून सहसंबंध कळतो, पौर्वापर्य नव्हे. आपल्या विद्यार्थ्यांनी या सामग्रीचा उपयोग करताना हा भेद कटाक्षाने पाळावा. कारण विषण्णतेवर उपचार होऊ शकतो. तिला वयाचा धर्म समजून सोडून देणे म्हणजे टाळता येण्याजोग्या परावलंबनास वाट करून देणे होय.