तिरप्या रेघेने गिळलेलं पान

ब्राउझरच्या खिडकीत पान पांढरंफटक. फाईल उघडून बघावी तर मजकूर शेवटपर्यंत जागच्या जागी, एक्सएमएलच्या नियमांत काना-मात्रेचीही चूक नाही. चोर निघतो एक तिरपी रेघ.

ज्याच्या पोटात काही नाही असा टॅग एक्सएमएलमध्ये उघडता-उघडताच मिटता येतो. शेवटी तिरपी रेघ मारली की झालं. बाहेरची फाईल बोलावणारा स्क्रिप्ट टॅग रिकामाच असतो, म्हणून त्यालाही रेघ. एचटीएमएल वाचणारा ब्राउझर मात्र ती जुमानत नाही. त्याच्या लेखी स्क्रिप्ट उघडाच आहे. मग पुढचे मथळे, परिच्छेद, तक्ते सगळं तो प्रोग्राम समजून गिळत जातो.

गंमत पुढेच आहे. एक्सएमएलमधून एचटीएमएल पान घडवणाऱ्या एक्सएसएलटीच्या स्टाइलशीटमध्ये तुम्ही उघडणारा आणि मिटणारा असे दोन्ही टॅग इमानदारीत लिहिलेत, तरी बाहेर पडताना ती रेघ येऊ शकते! कारण एक्सएसएलटी अक्षरं जुळवतच नाही. नोव्हेंबर 1999 मध्ये डब्ल्यूथ्रीसीने मान्य केलेली, जेम्स क्लार्क यांनी संपादित केलेली ही भाषा एका झाडातून दुसरं झाड उभं करते. झाडाला कंस नसतात, रेघा नसतात, नुसत्या फांद्या. कंस येतात अगदी शेवटी, झाड कागदावर उतरताना. आणि ते कसं उतरावं हे ‘आउटपुट’ या एका सूचनेतला ‘मेथड’ हा गुणधर्म ठरवतो.

तिथे ‘एचटीएमएल’ लिहा, की झाड तेच, पण हस्ताक्षर बदलतं. ओळ तोडणाऱ्या बीआर टॅगची रेघ जाते, स्क्रिप्टला मिटणारा टॅग मिळतो, आतलं ‘पेक्षा लहान’ चिन्हही तसंच राहतं. फक्त टॅगांना एक्सएचटीएमएलचं नेमस्पेस, म्हणजे त्यांचं कूळ सांगणारं नाव, चिकटलेलं नको. ते असलं की एक्सएसएलटीची आवृत्ती 1.0 त्या टॅगांना पुन्हा एक्सएमएलच मानते. कुठून तरी उचलून डकवलेल्या एका ओळीने हे होतं, आणि शोधताना नाकी नऊ येतात.

राहिला डॉक्टाइप, म्हणजे पानाचा प्रकार सांगणारी माथ्यावरची ओळ. तो नसेल तर ब्राउझर जुन्या पानांसाठी राखलेल्या ‘क्वर्क्स’ वागणुकीत शिरतो. एचटीएमएल5 चा डॉक्टाइप दोन शब्दांचा, पण आवृत्ती 1.0 ला सिस्टिम किंवा पब्लिक ओळख दिल्याशिवाय डॉक्टाइप काढताच येत नाही. म्हणून एचटीएमएल5 च्या कर्त्यांनी अशा जुन्या यंत्रांसाठी ‘अबाउट:लेगसी-कंपॅट’ हा पत्ता मुद्दाम वैध ठरवला. त्या पत्त्यावर काहीही नाही.